उणे चाळीस

दुपारी सव्वादोन. जामनेर रोड.
माझ्या पत्र्याखाली त्रेचाळीस,
बाहेर शेहेचाळीस,
आणि प्रमिलाताई नेहेत्यांच्या गाडीच्या मते
बर्फ पडत होता.

म्हणजे काचा वर, बटण ऑटोवर,
आणि जाळीतून भसाभस गरम हवा.
"रमजान भो, यावलपासून भाजत आली मी,
भरताच्या वांग्यासारखी.
जळगावात म्हणे काँप्रेसर गेला,
अठ्ठावीस हजार. आता तू सांग मले."

मी काही सांगितलं नाही.
बॉनेट उघडून पाइपावर हात ठेवला.
गार होता, घाम फुटलेला.
काँप्रेसर बिचारा इमानदार.
थंडी तयार होत होती,
आत कुणीतरी ती नको म्हणत होतं.

स्कॅनर लावला.
केबिन : उणे चाळीस.
मुबारक हसला, "उस्ताद, काश्मीर!"

स्टिअरिंगच्या बाजूला तीन फटींची जाळी असते,
कुणाचं लक्ष जात नाही.
तिच्यामागे ज्वारीच्या दाण्याएवढा सेन्सर
आतली हवा हुंगत बसलेला.
गरमीत याचा विरोध कमी होतो,
थंडीत हा ताठ.
माणसासारखाच, असं म्हणणार होतो,
पण मी पाहिलेली माणसं उलटी आहेत.

काढला. मीटरच्या सुया दोन टोकांना.
साडेचार किलो-ओहम.
मुठीत धरला, तर आकडा चढत चढत साडेसहा.
"चढला कसा? मूठ तर गरम," मुबारक म्हणाला.
म्हटलं, मे महिन्यात भुसावळात
माणसाची मूठ ही सावलीची जागा आहे.
मग पिशवीत गुंडाळून माठात सोडला :
दहा. शहाण्यासारखा दहा.

हा खोटं बोलत नव्हता.
याचं बोलणं पोचत नव्हतं.

माझा बा लोकोशेडात फिटर.
बेअरिंगला हाताची पालथी बाजू लावून सांगायचा,
ही खंडव्यापर्यंत जाणार नाही.
शेवटी शेवटी त्याला साखर झाली.
एकदा अशाच दुपारी बिबड्या उचलायला
अनवाणी गच्चीवर गेला.
निवांत उभा राहून सगळ्या गोळा केल्या,
मोडकी एक तिथंच खाल्ली.
उतरला, तर जिन्यावर ओले ठसे.
आई ओरडली.
तो पायांकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.
"कुठं काय? थंड तर आहे."

एका वायरवर मीटर वाजला.
दुसरीवर नाही.
तिच्या मागे मागे गेलो, ग्लोव्ह बॉक्स उतरवला.
शेंगांची टरफलं, सरकीचा कापूस,
एका पावतीचा भुगा.
उंदरीनं संसार मांडून हलवलाही होता,
जाताना दोन बोटं वायर नेली.

तुटलेल्या वायरीतून काहीच येत नाही
आणि त्या काहीच-नाहीला
कॉम्प्युटर थंडी समजतो.
निरोप नाही, म्हणजे कडाका.
मग तो पार मायेनं
हीटर लावतो.

नवी वायर, कथिलाचे दोन डाग, वर स्लीव्ह.
चावी फिरवली.
उणे चाळीसचे एकदम अधिक बावन्न.
"बावन्न? बापा!" प्रमिलाताई दचकल्या.
म्हटलं, थांबा, आत्ताच तर कळलंय तिला.
पाचेक मिनिटांनी जाळीतून गार झुळूक आली,
त्यांनी पदर तिथंच धरून ठेवला,
बोलल्या नाहीत.

दीडशे रुपये झाले.
दोनशे दिले, आणि मागच्या सीटवरची केळीची फणी,
जी यावलपासून येता येता
अर्धी पिकली होती.

रात्री आठला शटर ओढण्याआधी
चपला काढल्या, कोब्यावर पाय ठेवला.
अजून चटका बसत होता.

जरा वेळ तसाच उभा राहिलो.