कस

गालाच्या आत, डाव्या बाजूला
पांढऱ्या रेघांची जाळी उमटली.
बोटानं गाल ओढून आरशात पाहिलं तेव्हा
मला आमच्या दुकानातला कसोटीचा दगड आठवला,
फरक एवढाच की हा दगड लाल होता
आणि ओला.

हुपरीत लग्न होऊन आले त्याला एकवीस वर्षं झाली.
तेव्हापासून पैंजणाला घुंगरं लावते.
चिमट्यात एक घुंगरू, डाक, ज्योत,
पुढचं घुंगरू.
किलोवर मजुरी.
चांदी माझ्या नखांत असते, पदरात असते.
आमच्याकडं केर काढला तरी फेकत नाहीत,
विकतात.

म्हणून जीभ जळायला लागली,
सकाळी उठल्यापासून
नाणं चोखल्यासारखी चव राहायला लागली,
तेव्हा भूपाल म्हणाले, चांदीचा धूर गेला असेल पोटात.
सासूबाई म्हणाल्या, उष्णता. सब्जा पी.
सब्जा प्याले. तूप लावलं. ज्येष्ठमध चघळला.
खर्डा सुटला. मग आमटी सुटली.
शेवटी दहीभात, तोही गार.
आमच्याकडं रोज दहीभात खाणाऱ्याला
लोक तब्येत विचारतात.

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत
डॉक्टर गिरजा शेटे, माझ्या धाकट्या नणंदेच्या वयाची.
तिनं छोटा आरसा आत घातला
आणि बराच वेळ काही बोलली नाही.
मग, "ही कॅप कधी बसवली?"
दिवाळीच्या आधी. इचलकरंजीत. दोन हजारांची.
आठ हजारांचीही होती, पांढरीशुभ्र,
पण त्या महिन्यात भावजयीचं डोहाळजेवण होतं.
तिनं मान हलवली.
"आणि कानात खोटं चालायचं का तुम्हाला?"

दातांची डॉक्टर, आणि विचारते कानाचं.
पण माझा हात आपसूक पाळीकडं गेला.

सातवीत होते. कुंभोजच्या डोंगराखाली, यात्रेत,
पाच रुपयांच्या रिंगा.
तिसऱ्या दिवशी पाळ्या चिघळल्या,
उशीला चिकटायच्या.
आई म्हणाली, बघा आमची राजमती,
नाव तसं अंग. खोटं सोसत नाही हिला.
सगळे हसले.
तिनं कानात कडुनिंबाच्या काड्या घातल्या, बरं वाटलं,
मी विसरून गेले.

अंग विसरलं नव्हतं.

निकेल, डॉक्टर म्हणाली. त्या रिंगांतही तेच असावं.
असावं. खात्री करून घेऊ.
कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर ओळीनं चौकोन चिकटवले.
दोन दिवस अंघोळ नाही, घाम नाही,
आणि मी ज्योतीपाशी बसणारी बाई.
घुंगरं शेजारच्या शकूनं लावली.
पट्ट्या निघाल्या तेव्हा मला काय दिसणार, पाठ ती;
मोबाईलवर फोटो काढून दाखवला.
एकच चौकोन लाल, फुगलेला, पुरळ उठलेला.
बाकी कोरे. पारा कोरा. सोनं कोरं.
चांदीचं काय, मी विचारलं, जरा लाजतच.
कोरी.
डोळ्यांत पाणी आलं.
कशाचं, ते त्या डॉक्टरांना सांगता आलं नसतं.

टोपी निघाली
तेव्हा सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला, एवढासा.
मी ती मागून घेतली, काडेपेटीत घरी आणली.
रात्री भूपालनी काट्यावर ठेवली.
दोन ग्रॅमला थोडी कमी.
कसोटीवर घासली, दोनदा घासावी लागली,
रेघ उठली, चांदीसारखीच पांढरी.
तेजाबाचा थेंब सोडला.
चांदीची असती तर विरघळली असती. ही तशीच.
"चिवट आहे," ते म्हणाले,
आणि दगड धुवायला ठेवला.

आता सहा आठवडे झाले.
दातावर तात्पुरतं काहीतरी आहे, पांढरं, हलकं.
आठ हजार हप्त्यानं फेडतेय.
गालातल्या रेघा गेल्या, एक सोडून,
ती बॅटरी धरली तरच दिसते.

काल भाकरीच्या टोकाला
नखाएवढा खर्डा लावून पाहिला.
जळलं.
पण मिरचीनंच.