इक्कड रा

पासपोर्टावर माझा फोटो चोरासारखा आलाय.
चाळीस वर्षं लूमच्या आवाजावर ओरडून बोलणारा माणूस
तिथल्या काउंटरवर इतका हळू बोलला
की साहेबाला दोनदा विचारावं लागलं, कशासाठी आलात?
मी म्हटलं, टॉवेल.

मालकानं पाठवलं होतं. नवी मशीन, अकरा दिवसांचं शिक्षण.
ज्याच्या नावानं आम्ही जन्मभर टॉवेल विणले
तो तुर्कस्तान खरोखर असतो,
तिथंही लोक अंघोळ करून अंग पुसतात,
हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

रविवारी कारखाना बंद.
बसनं तासभर वर, डोंगरातल्या जुन्या विणकरांच्या गावात गेलो.
दगडी पायऱ्या, लाकडी सज्जे,
आणि एका खिडकीमागं हातमाग:
खटक् खट्, खटक् खट्.
पाय आपोआप थांबले.
त्या गावात मला ओळखणारा तेवढा एकच आवाज.

पायरीवर ती बसली होती.
एक कान फाटका, रंग करपलेल्या भाकरीचा.
मी मराठीत हाक मारली. बघितलं नाही.
हिंदीत मारली. शेपूट हलवली, ती माशीसाठी.
इंग्रजी मला तिच्याइतकंच येतं.
मग तोंडातून घरचं निघालं,
अम्मा चुलीपुढून मारायची तशी हाक:
पिल्ली, इक्कड रा.

आली की!

पिशवीत अनसूयानं दिलेली कडक भाकरी,
शेंगाचटणी हुंगून ती तीनदा शिंकली.
चहावाल्याकडून खारट ताक घेतलं,
भाकरी कुस्करली, दोघांनी खाल्ली.
चहावाला बोट दाखवून म्हणाला, केदी.
मला ऐकू आलं कैदी.
म्हटलं, कुणाचा?
तो हसला, मी हसलो,
कशाला, ते त्याला ठाऊक नाही, मला तर नाहीच.

दुपारभर ती पुढं, मी मागं.
पडका हमाम. अर्धी कमान. थडग्यांवरचं गवत.
जुन्या कारंज्यावर काहीबाही कोरलं होतं,
नेमकी त्याच अक्षरांवर जाऊन बसली,
वाचायचा प्रश्नच मिटला.

शेवटी तिनं त्या खिडकीशीच आणून सोडलं.
मागावरचा म्हातारा उठला,
माझ्या गळ्यातला टॉवेल अंगठा आणि बोटात धरून चोळला.
मी त्याच्या मागावरचं कापड चोळलं.
झाला नमस्कार.
बाकड्यावर बसलो तर ती मांडीवर चढली,
आणि पंजे आवळत, सोडत, आवळत
माझ्या टॉवेलचे धागे ओढायला लागली.
मी माल तपासणारा माणूस.
असा एक धागा निघाला की शिक्का मारायचा: सेकंड.
तिच्यावर काही हात उचलला नाही.

परत आलो तेव्हा सोलापूर चव्वेचाळीसवर.
अनसूया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
टॉवेल बघून म्हणाली, कुणी वाटोळं केलं ह्याचं?
कात्री उचलली.
म्हटलं, राहू दे.
बरं, काय काय बघितलं तिकडं?
मी मांजर सांगितलं.
ती विडीला दोरा गुंडाळायची थांबली.
एवढं विमानाचं भाडं, आणि मांजर?
आपल्या किल्ल्यात काय कमी हायत का?

खरं होतं.
भुईकोट किल्ला, घरापासून दोन किलोमीटर.
आत गेलो होतो शेवटचा
चौथीच्या सहलीला, तेव्हा चप्पल खंदकात पडली होती.
रोज सायकलवरून बाहेरून जायचो,
भिंत डाव्या हाताला, एवढीच ओळख.

गेल्या रविवारी तिकीट काढलं.
बुरूज बघितले, हात लावून बघितले,
दगड तापलेले, तिथल्यासारखेच मुके.
सावलीत एक पिवळी पडलेली, पोट जड,
चार दिवसांत विईल अशी.
हाक जिभेवर आली,
पण कुठल्या भाषेतली मारावी सुचेना.
केदी, म्हटलं.
तिनं एक डोळा उघडला.
बाकावरच्या पोरानं मोबाईलमधून दोन्ही उघडले.
काका, बाहेरगावचे का?

काय सांगावं बे ह्याला.
खिशातली दुधाची पिशवी गरम होत चालली होती.