थंड ओव्हन

पाककृती तिनं सगळ्या गावाला दिली होती.
कुणी मागितली की लगेच,
जुन्या पाकिटाच्या पाठीवर, वळणदार अक्षरात.
तरी ओडेसा प्रुइटचा केक
ओडेसा प्रुइटच्याच घरी फुगायचा.
आमचे बसायचे. मधोमध, रुसल्यासारखे.

यंदा तिचा हात कापतो.
लिंबू किसायला घेतलं की साल कमी, बोट जास्त.
म्हणून मला बोलावलं. जॉर्जियातला ऑगस्ट,
जाळीच्या दारावर माश्या,
टेबलावर लोणी आपणहून मऊ झालेलं.

“फेट,” ती म्हणाली. “अजून फेट.
साखर चिमटीत करकरेनाशी होईस्तोवर.”
अंडी सहा, एकेक करून. मैदा तीनदा चाळून.
मी ओव्हन लावायला वळले
तशी तिनं काठी आडवी घातली.

“थंडच असू दे. केक आत ठेव, मग पेटव.
दोघांना बरोबरच तापू दे.”

एवढंच?
चौतीस वर्षं एवढंच
पोटात ठेवून बसली होती बया?

दीड तास मी तिच्याशी बोलले नाही.
भांडी घासली, जरा जास्तच आवाज करत.

मग विणायच्या सुईनं भोकं पाडली,
पिठीसाखर, लिंबाचा रस, गरम असतानाच ओतला.
झिलई कडेवरून ओघळली
ती तिनं थरथरत्या बोटावर झेलली, चाटली,
एक डोळा मिटला.

“रविवारी चर्चमध्ये मर्लीन विचारेल.
लिहून दे तिला. सगळं दे.”

दारापर्यंत आली काठी टेकत.

“ओव्हनचं तेवढं
तुझं तू ठरव.”