दोनपर्यंत

कास्त्रोच्या धक्क्यावर शिंपल्यांचे दोर ओढणारा
आलादिनो बार्रीया खुर्चीत बसला, बूट ओलेच.
म्हणाला, वारा दातात शिरतो.
उपटून टाका, परवा होडी निघते.

गार बोळा टेकवला. कळ उठली.
मोज, म्हटलं.
एक, दोन, तीन…
चौथ्याला ओसरली.
म्हणजे नस चिडलीय, मेलेली नाही.

सुई देऊन कोरत गेले. कीड आधी भुसभुशीत,
इथल्या खांबांवरच्या घरांखाली
कुजतं तसल्या लाकडासारखी,
मग चामड्यासारखी चिवट,
आणि तिच्याखाली, कागदाएवढ्या अंतरावर,
गुलाबी सावली.

शिकताना वाटायचं,
सगळं खरवडून काढणं म्हणजेच इलाज.
हात थांबवायला मला अकरा वर्षं लागली.

तळाशी थोडी कीड तशीच ठेवली.
वर औषधाचा लेप, वर घट्ट झाकण.
उपाशी पडून राहील ती आत;
नस आपली भिंत आपणच घालेल,
घातली तर.

"घाण आतच ठेवलीत?"
अर्ध्या बधिर ओठानं त्यानं विचारलं.
हो.

सहा आठवड्यांनी आला तो आत येईचना.
दारातच उभा, खाडीकडे तोंड उघडून
वारा घेत होता.
मोजत होता.
मला दोनपर्यंतच ऐकू आलं.