पायापासून डोळ्यांपर्यंत

नेव्हिल म्हणाला, खाडीतला हवा.
पंख नकोत, आग नको, ते सगळेच करतात.
मांड्यांपर्यंत चिखल, आणि
बघताक्षणी कळलं पाहिजे की भुकेला आहे.
रविवार, चार वाजता. ऑर्लेम, तिसरा मजला.

आमच्या मापात माणूस अठ्ठावीस मिलिमीटर असतो,
तळपायापासून डोळ्यांपर्यंत.
डोळ्यांच्या वरचं कुणी मोजत नाही,
तिथे ज्याने त्याने हवं ते घालावं:
शिरस्त्राण, केस, अहंकार.
राक्षसाला माप नसतं.
त्याला फक्त टेबलाचा काठ असतो.

दिवसा मी दात करते.
भांडुपला, पिठाच्या गिरणीच्या वर, आठ बाय दहाच्या लॅबमध्ये.
ए-टू, ए-थ्री, आणि जन्मभर चहा प्यालेल्यांसाठी ए-फोर.
गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं,
दाढेच्या खाचा तेवढा वेळ थांबतात.
कारखानीस डॉक्टर म्हणतात, तुझ्या दाढा फार खऱ्या होतात गं,
लोकांना सरळ हव्या असतात.

शनिवारी पंपिंग स्टेशनच्या वाटेने गेले. ओहोटी.
दुर्बिणीवाले फ्लेमिंगो मोजत होते.
मी खाली बघत होते.
निवटी.
बोटभर मासळी, पाणी सोडून
चिखलावर कोपरं टेकून बसलेली,
डोळे टाळूवर, उकडलेल्या दोन वाटाण्यांसारखे.
एक डोळा तिने आत ओढला, पुन्हा बाहेर सोडला.
हिला अख्खी मोजता येईल,
डोळ्यांच्या वर हिचं काहीच नाही.

रात्री निळी पट्टी, पिवळी पट्टी,
चिमटीत मळत मळत हिरवी.
बोट ओलं नसेल तर लगदा चिकटतो
आणि तुमचाच ठसा त्याच्या पाठीवर उमटतो.
एक उमटू दिला. खवले म्हणून खपला.
आत तारेचा सांगाडा, तापातून उठलेल्या माणसासारखा वाकवलेला.
बोटांच्या जागी खारफुटीची मुळं,
चिखलातून वर आलेली, श्वासापुरती.
दीड तास तो तुमचा असतो.
मग ऐकत नाही.

तोंड शेवटी.
कपाटात पुतळाबाई आंगणेंची कवळी आहे,
मार्चपासून. डबीवर नाव, बाकी सहाशे रुपये.
मुलगा फोनवर म्हणाला, आता नको.
मी पुढे विचारलं नाही.
वरचा डावा सुळा त्यांनी वाकडा मागितला होता.
होता तस्सा द्या बाई, नाहीतर ओळखायचे नाहीत.
कोण, ते बोलल्या नाहीत.

भिंगाखाली, श्वास धरून,
बावीस दात नेहमीचे.
तेविसावा वाकडा.

ऑर्लेमला पंखा बंद. नकाशे उडतात.
नेव्हिलने त्याला खोक्यातून काढून दलदलीत ठेवलं
तेव्हा तन्वीरने तलवार उपसली,
म्हणजे तोंडाने.
इरावती, गेले चार महिने जी वैदू आहे,
तिने त्याला उचलून ट्यूबलाइटखाली धरलं.
थांबा रे. याचा सुळा दुखतोय.
म्हणून ओरडतोय.
सगळे हसले. नेव्हिलने नियमांचं पुस्तक उघडलं,
आणि मिटलं.
उपटणार?
नाही. आ कर म्हणते. बघते नुसती.
टाक फासा. पंधराच्या वर पाहिजे.

वीस बाजूंचा फासा चहाच्या कपावर आपटून
सहावर बसला.
वैदू गेली. आधी हात, मग बाकीची.
इरावतीने आपली सोंगटी आपणच
त्याच्या पायाशी आडवी केली.

मी गप्प. घडवणाऱ्याने डावात बोलायचं नसतं.

जिन्यात तिने मला गाठलं.
पुढच्या रविवारी याला परत आण ना.
मी नवी वैदू करते. आणि हिच्या हातात
तो आरसा दे, गोल, लांब दांड्याचा,
तुमच्याकडे असतो तो.

गिरणी बंद झालीय. मी मोजतेय,
अठ्ठावीस मिलिमीटरच्या बाईच्या हातात
आरसा केवढा येईल.
टाचणीचं डोकं फार मोठं होतंय.