आकडा लहान घ्या

रुवीत, हाय स्ट्रीटच्या मागल्या गल्लीत
दामजीभाईंच्या दुकानातला एसी फक्त गल्ल्यापुरता.
बाकीचं दुकान गिऱ्हाइकाच्या घामावर.
काचेखाली सेलची पाकिटं,
मुखवासाच्या डबीसारखी रंगीत.

म्हटलं, कॅमेऱ्याला हवेत. रिचार्जवाले. दोन लागतात.
"फोटो किती काढता?"
(त्यांचं मराठी मुलुंडचं.)
डॉक्टरनं जेवणाआधी की नंतर विचारावं, तसं.

आता हे सांगायचं कसं.
आमेरातच्या टाकीला नवा तडा गेला, तर एक:
तडा, शेजारी पट्टी, पट्टीवर माझा अंगठा.
एखाद्या शुक्रवारी उगाच. बोटी,
डोंगर, कायतानची सायकल.
मधले दिवस कॅमेरा खणात
पासपोर्टच्या झेरॉक्सखाली.

नंदा आली होती, ते नाही सांगितलं.
तीन आठवड्यांचा व्हिसा, फेब्रुवारी.
वादी शाबच्या हिरव्या पाण्यात
सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून
ती दगडावर उभी, चपला हातात,
आणि मी बटण दाबलं.
कॅमेऱ्यानं नाक बाहेर काढलं,
एकदा लाल डोळा मिचकावला
आणि तिथेच थांबला. नाक ना आत, ना बाहेर.
बकाल्यातून तीनशे बैसाला घेतलेले सेल.
शर्टाला घासले, दाताखाली दाबले,
डावा उजवीकडे घालून पाहिला.
ती म्हणाली, "राहू दे की. बघ नुसतं."
बघितलं.
पण नुसतं बघितलेलं
सासूबाईंना पाकिटात घालून कसं पाठवणार?

दामजीभाईंनी दोन पाकिटं पुढे सरकवली.
एकावर सत्तावीसशे, एकावर दोन हजार.
माझा हात सत्तावीसशेवर.
ही खोड आम्हाला शाळेच्या मार्कांपासूनची.

"थांबा. हा गळका रांजण.
लग्नाचे फोटोवाले नेतात, त्यांना बरोबर.
सकाळी भरतात, रात्री उपसून मोकळे.
तुम्ही खणात ठेवाल, तर
वापराल न वापराल, तो ओसरणार.
हा दुसरा नवीन आलाय. पोट लहान, बूच घट्ट.
भरा, विसरा, वर्षानं काढा.
असेल तिथंच. जरा उतरलेला, पण असेल."

चार सेलचे साडेतीन रियाल. चार्जरचे वेगळे चार.
मनात रुपये केले. करायला नको होते.
"आणि तो स्वस्तातला?"
"तो तासाभरात भाजून देतो. हा रात्र घेतो,
पण एकेका सेलला वेगळा दिवा.
घाई असेल तर तो न्या."

घाई.
सात वर्षं झाली मला इथं.

दारातून वळलो तर मागून,
"जोडी मोडू नका हं. जुन्याबरोबर नवा घातला
की जुना त्याला घेऊन बुडतो.
आणि गाडीत पुढे काचेशी ठेवू नका. जून आहे."

खोलीवर आल्यावर मार्करनं लिहिलं:
एका जोडीवर साइट, दुसरीवर शुक्रवार.
कायतान म्हणाला, माझा रेडिओचा एक लाव ना त्यात.
म्हटलं, तो भरायच्या जातीचा नाही, फुटेल.
पलंगावर पडल्या पडल्या हसला,
"सेलाक लेगीत विझा जाय रे?"

चार लाल दिवे.
मधेच उठून बोट लावून पाहिलं. कोमट.
तापलेल्या पोराच्या कपाळाइतके नाही,
निजलेल्या पोराच्या.

दीडच्या सुमारास पहिला हिरवा झाला, शुक्रवारमधला.
म्हटलं, पहिला फोटो ह्याचाच काढू.
खण उघडला, झेरॉक्स बाजूला केली,
कॅमेरा काढला, झाकण सरकवलं.

दोन्ही खाचा रिकाम्या.
सेल तिकडे, त्यातले तीन अजून लाल.

बसलो मग, बघत.