सुतळी

छत्रीबागेच्या मागे गटाराचं काम निघालं होतं.
मी खात्यात नवा ओव्हरसियर,
काखेत मस्टर, डोक्यावर उसनी हॅट.
दोन खुंट्या, मधे ताणलेली सुतळी,
तिच्याखालून चर न्यायचा,
एवढंच माझं शास्त्र.

सुभानजी वाघमोडे, मजूर नंबर एकोणीस.
होळकरांच्या खेचरगाड्यांवर होता म्हणे, लढाईत.
कुठे, विचारलं तर
"तिकडं" म्हणायचा
आणि हनुवटीनं मावळती दाखवायचा.

त्याला बारा हात तुकडा दिला.
दुपारी पाहतो तर चर वाकडा.
चार हात सरळ, मग काटकोनात वळलेला,
पुन्हा सरळ, पुन्हा वळण,
जिना कुणी आडवा पाडून पुरावा तसा.
आत एका अंगाला उभं राहायला पायरी.
भिंतीत कोनाडा, कोनाड्यात विड्या, काडेपेटी.

मी ओरडलो, सुतळी दिसत नाही?
मैला काय कवायत करत जाणार आहे?
सगळे हसले.
तो मान वर न काढता आतूनच बोलला,
"सरळ खणला तर एकच गोळा
या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं नेतो, साहेब.
वळण असलं की वळणापुढची वाचतात."

काम सदोष, मी लिहिलं. अर्धा रोज कापला.
चार आणे.
दुसऱ्या दिवशी वळणं बुजवून घेतली,
त्याच्याच हातून.

बाकीचं नंतर कळत गेलं, चहाच्या वेळी, तुटक.
गाड्या रात्रीच निघायच्या.
चाकांना गोणपाट गुंडाळायचं,
जाताना पाण्याचे डबे, काडतुसांच्या पेट्या,
येताना माणसं,
काही कण्हणारी, काही नाही.
आपली काळी माती बूट धरते, तो म्हणायचा,
तिकडची माणूस धरते.
वीस दिवसांनी मोजे काढले
तर कातडं मोज्याबरोबर आलं.
सदऱ्याच्या शिवणीवरून मेणबत्ती फिरवायची,
उवा ज्वारीच्या लाह्यांसारख्या तडतडायच्या,
तेवढीच करमणूक.
आभाळ मिळायचं ते धोतराच्या काठाएवढं.

त्याची खेचरी होती, चंद्री.
एका रात्री वाटेवरून घसरली, चिखलात गळ्यापर्यंत गेली.
दोर तुटले. पहाट व्हायला आली.
जमादारानं बंदूक याच्याच हातात दिली.
"कान माझ्याकडं करून ऐकत होती," एवढं बोलून
त्यानं बशीत उरलेला चहा
मातीच्या ढिगावर ओतला
आणि पुन्हा खाली उतरला.

पावसाळ्याआधी काम संपलं.
मस्टरचं पान उलटलं. एकोणीस नंबरला दुसरं नाव.

बेचाळीस साली हुकूम आला, छापील, सोबत नकाशा.
विमानं आलीच तर शाळेतली पोरं कुठे जातील?
मैदानावर चर खणावेत.
कलम तीन, खाली तांबडी रेघ:
चर सरळ रेषेत असू नयेत.
नकाशावर तोच आडवा जिना.
बाजूला मापंही. मी पट्टीनं मोजलं.
चार हात, थोडं इकडे तिकडे.

जुनी इंदूर पालथी घातली.
वाघमोडे? कुठले?
एक म्हणाला सांवेरकडे गेला, मेंढरं राखतो.
एक म्हणाला, तो? तो तर प्लेगात गेला.
प्लेग तेव्हा कुठे होता, पण मी वाद घातला नाही.
रेकॉर्ड रूममध्ये ते मस्टर सापडलं.
वाळवीनं समास खाल्ला होता,
माझी सही शाबूत.

मैदानावर चौदा खुंट्या ठोकाव्या लागल्या.
सुतळी पुरेना.
दुपारच्या सुट्टीत पोरं कडेला जमली, सहावीतली असतील.
मास्तर, हे वाकडं का खणताय?

मी मास्तर नव्हतो, तरी सांगितलं,
शब्दाला शब्द,
जसं मला खालून सांगितलं होतं.
वळणापुढची वाचतात.

एकानं नाक पुसलं, चर नीट पाहिला.
"आणि वळणाअलीकडची?"

मी मस्टर उघडलं
आणि हजेरी घ्यायला लागलो.